सल्ला हवा: माशांची नजर आणि रंग या विषयावर कोल्हापुरात बसून प्रकल्प कसा करावा?

शाहूपुरीची_काकू
नमस्कार मंडळी. पुतणी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मासे आणि इतर समुद्री जीवांची दृष्टी नि रंग कसे उत्क्रांत झाले, हा विषय तिनं हौसेनं प्रकल्पाला घेतलाय. बाईंनी मंजूर केला, पण नेटवरून उतरवून आणलेलं घेणार नाही, चार गोष्टी स्वतः बघून लिही, असं बजावलंय. आता समुद्र घाटाखाली आणि आम्ही इथं वर.

घरात अडीच फुटी काचेची टाकी रिकामी पडून आहे. दुकानात विचारलं तर तो म्हणाला, लाल पॅरट घ्या, वर गुलाबी ट्यूब लावा, रंग असा उठून दिसतोय बघा. कुणाला दिसतोय, आम्हाला की माशाला, असं पोरीनं विचारलं तर हसायलाच लागला. टाकीत काय ठेवावं, दिवा कसला घ्यावा आणि टाकी सोडून आणखी काय करता येईल? चार-पाच हजारांत बसवायचंय. मार्चमध्ये द्यायचंय.

गप्पीवाला
काकू, डोळे झाकून गप्पी घ्या. पॅरट हा माणसानं संकर करून बनवलेला मासा, उत्क्रांतीच्या प्रकल्पात त्याचं काय काम?

गप्पीवर या विषयातलं सगळ्यात गाजलेलं काम झालंय. त्रिनिदादमध्ये ओढ्याच्या खालच्या भागात गप्पी खाणारे मोठे मासे असतात, धबधब्याच्या वर ते पोचत नाहीत. खालचे नर फिके, वरचे भडक. जॉन एंडलर या शास्त्रज्ञानं 1976 मध्ये खालचे गप्पी उचलून वरच्या एका ओढ्यात सोडले, जिथं आधी गप्पी नव्हतेच. दोन वर्षांच्या आत तिथल्या नरांवर जास्त आणि मोठे ठिपके आले. मोठ्या तळ्यांत शिकारी मासे सोडून, तळाला बारीक किंवा जाड खडी टाकूनही त्यानं हेच तपासलं. शिकारी असले की ठिपके खडीच्या मापाकडे झुकतात, नसले की खडीपेक्षा उठून दिसायला लागतात. मादीला नारिंगी नर आवडतो आणि शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो. एवढ्या ओढाताणीत रंग ठरतो.

फक्त दुकानातले झालरीच्या शेपटीचे नको. डासांच्या अळ्या खायला हिवतापवाले गटारी-टाक्यांत सोडतात ते साधे गप्पी मागून आणा. ते फुकट मिळतात आणि त्यांच्यात नरागणिक ठिपके वेगळे असतात. प्रकल्प संपल्यावर पंचगंगेत किंवा रंकाळ्यात मात्र सोडू नका. तिथं आधीच बाहेरच्या माशांची कमी नाही.

पेन्शनर_प्राणिशास्त्र
वरील सूचना चांगली आहे. पण पुतणीला सांगा, मासा नंतर, आधी उजेड. या विषयाची किल्ली तिथे आहे.

पाणी सगळे रंग सारखे पुढे जाऊ देत नाही. स्वच्छ समुद्रात लाल उजेड पहिल्या दहा मीटरांतच जवळजवळ गिळला जातो आणि सगळ्यांत खोल निळा पोचतो. नदी-तळ्याच्या पाण्यात उलटं असतं. शेवाळ, गाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क निळा खातात, खाली पिवळसर-तांबूस उजेड उरतो. जो उजेड उरतो त्याला डोळा जुळवून घेतो आणि त्या डोळ्याला दिसेल किंवा दिसणार नाही असा रंग अंगावर येतो.

डोळ्यातलं यंत्र म्हणजे ऑप्सिन नावाची प्रथिनं. मंद उजेडासाठी दंडपेशी, रंगासाठी शंकुपेशी. शंकुपेशींच्या ऑप्सिनची चार घराणी आहेत, अतिनील, निळं, हिरवं आणि लाल. ही चारही कशेरुकी प्राण्यांच्या अगदी जुन्या पूर्वजाकडेच होती. आपल्या सस्तन पूर्वजांनी बहुधा निशाचर आयुष्यात दोन घालवली. पुढे माकडांच्या वंशात लालच्या जनुकाची दुसरी प्रत निघून बदलली, म्हणून आज आपण तिरंगी बघतो. माशांनी चारही राखली आणि प्रती काढत काढत वाढवली. प्रथिनातली एक-दोन अमिनो आम्लं बदलली की त्याची संवेदना काही नॅनोमीटर इकडे-तिकडे सरकते. नैसर्गिक निवडीला एवढं पुरतं.

सामन तर जनुकाला हातच लावत नाही. समुद्रातून नदीत शिरताना तो डोळ्यातलं जीवनसत्त्व अ-1 बदलून अ-2 करतो आणि सगळी नजर लालकडे सरकते. हे बदल करणारं एन्झाइम 2015 मध्ये सापडलं.

प्रयोग सुचवतो. टाकीत काचा लावून तीन कप्पे करा. मधे मादी, एका बाजूला खूप नारिंगी ठिपक्यांचा नर, दुसऱ्या बाजूला कमी ठिपक्यांचा. वर साधा पांढरा दिवा. मादी कुठल्या काचेजवळ किती वेळ काढते ते घड्याळ लावून लिहा. मग दिव्यावर नारिंगी जिलेटीन कागद लावून तेच करा. सगळाच उजेड नारिंगी झाला की ठिपका वेगळा उठत नाही आणि मादीची आवड मावळते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तुमच्याकडे येतं का बघा. नाही आलं तरी ते लिहायचं. दोन्ही नरांच्या बाजू दर वेळी बदला, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि माद्या लहानपणापासून नरांपासून वेगळ्या वाढवलेल्या असतील तर उत्तम, गाभण मादी नराकडे ढुंकून बघत नाही.

तांबडा_पांढरा
आवं काकू, टाकी-बिकी राहू दे की. सकाळी लवकर मासळी बाजारात जावा पिशवी घेऊन. रत्नागिरी-मालवणचा माल बर्फात येतोय, त्यातला डोळा चकचकीत असलेला बांगडा निवडा. डोळा ढगाळला असंल तर सोडा, तो मासा खायलाबी नको नि बघायलाबी नको.

घरी आणून ब्लेडनं डोळ्याचा वरचा पडदा कापायचा. आतनं वाटाण्याएवढी काचेची गोळी गडगडत बाहेर येती. ते भिंग. बोटांच्या चिमटीत धरून बघा, गुळगुळीत, टणक, आरपार. पेपरच्या अक्षरावर ठेवली की अक्षर फुगून दिसतंय. कालवणात हाच पांढरा मणी होऊन ताटात येतोय, लहानपणी सगळ्यांनी दातानं फोडलाय.

तिथनं थेट मटणाच्या दुकानात. बोकडाची मुंडी घ्या, कोल्हापुरात ती काय मिळायची पंचाईत हाय का? त्याचा डोळा तसाच कापा. भिंग चपटं निघतंय. दोन्ही ताटलीत शेजारी ठेवून फोटो काढा, झालं प्रकरण एक. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला निळाहिरवा झगझगीत पडदा दिसंल, त्याचाबी काढा.

का गोल नि का चपटं ते मास्तर सांगतील. मी फक्त खाणारा.

पेन्शनर_प्राणिशास्त्र
सांगतो. हवेत राहणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यात उजेड वळवण्याचं बरंचसं काम बाहेरचा पारदर्शक पडदा करतो. पाण्यात तो निकामी, कारण पडद्याच्या अलीकडे-पलीकडे पाणीच. मग सगळा भार भिंगावर येतो, म्हणून ते चेंडूसारखं गोल. साध्या काचेचा गोल घेतला तर प्रतिमा पुसट येईल. माशाचं भिंग मध्यावर दाट नि कडेला विरळ असतं, म्हणून ती नेटकी येते. जवळ-दूर बघायला आपण भिंगाचा आकार बदलतो, हाडाचे मासे स्नायूने भिंगच मागे ओढतात.

निळाहिरवा पडदा म्हणजे टॅपेटम. दृष्टिपटलातून निसटलेला उजेड परत फिरवायला. मोरीच्या, म्हणजे मुशी या लहान शार्कच्या, डोळ्यातही आरसा असतो, पण तिथे तो ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या स्फटिकांचा. त्याच ग्वानिनचे थर पापलेटाच्या अंगाला चांदी देतात. मोरी बाजारात मिळाली तर घ्याच. 2011 मध्ये शार्कच्या 17 जाती तपासल्या, त्यांतल्या 10 जातींत शंकुपेशी सापडल्याच नाहीत आणि उरलेल्या सातांत एकच प्रकार. म्हणजे बहुतेक शार्क रंगांधळे.

बाजारातून आणखी दोन गोष्टी आणा. बोंबील, त्याचे डोळे किती बारीक आहेत ते बांगड्याशेजारी ठेवून बघायला. खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात राहणाऱ्याला मोठा डोळा पोसून फायदा काय? आणि कोळंबी. तिच्या डोळ्याचा वरचा पापुद्रा ब्लेडने काढून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. माशीचे नि खेकड्याचे नेत्रक, म्हणजे डोळ्यातले बारीक घटक, षटकोनी असतात, कोळंबीचे चौकोनी, आलेखाच्या वहीचा कागद जसा. प्रत्येक चौकोनाखाली भिंगाऐवजी आरशाच्या चार भिंती असतात नि त्या उजेड एका जागी फेकतात. ही रचना 1970 च्या दशकात उलगडली. 2024 च्या जानेवारीत चीनने सोडलेल्या आइनस्टाइन प्रोब उपग्रहावरची क्ष-किरण दुर्बीण याच तत्त्वावर आहे. पुतणीने हे एक पान नीट केलं तरी प्रकल्प वसूल.

म्बुना_प्रेमी
सगळे गप्पी गप्पी करताहेत, पण उत्क्रांती म्हटलं की आफ्रिकेच्या सरोवरांतले सिक्लिड मासे. मलावी सरोवरातल्या सिक्लिडकडे शंकुपेशींची सात ऑप्सिन जनुकं आहेत, एकेक जात त्यांतली मुख्यतः तीनच वापरते नि कुठली तीन ते जातीगणिक बदलतं. व्हिक्टोरिया सरोवरात पुंडामिलिया नावाचे जोडीचे मासे आहेत. उथळात निळा नर, जरा खोलात लाल नर. तिथलं पाणी गढूळ, खाली उतरलं की उजेड तांबूस होत जातो आणि खालच्या माशाची लाल ऑप्सिनही लालकडे सरकलेली. मादीला आपल्या जातीचा नर रंगानं ओळखू येतो. म्हणजे उजेड बदलला, नजर बदलली, आवड बदलली आणि एकाच्या दोन जाती झाल्या. सांडपाण्यानं पाणी आणखी गढूळ होतं तिथं हे मासे एकमेकांत मिसळायला लागतात, हे ओले सेहाउसेन यांनी 1997 मध्येच दाखवलंय.

गप्पीवाला
अरे हो, पण अडीच फुटी टाकीत म्बुना, म्हणजे मलावीचे सिक्लिड? महिन्याभरात एकच उरेल, बाकीचे त्याच्या पोटात नाहीतर कोपऱ्यात. मार्चपर्यंत त्यातनं काय दिसणार? सिक्लिड वाचायला, गप्पी बघायला.

म्बुना_प्रेमी
मान्य, टाकी लहान आहे. पण मग रंकाळ्याचं पाणी तरी वापरा. त्या गढूळ पाण्यावरून आठवलं. दोरीला फरशीचे तीन तुकडे बांधा, पांढरा, लाल, निळा. घाटावरून हळूहळू सोडा आणि कुठला आधी काळपट होतो ते दोरीवरच्या गाठींनी मोजा. माझ्या हिशेबानं रंकाळ्याच्या हिरव्या पाण्यात निळा आधी जाईल. बरोबर कुणीतरी थोरलं माणूस असू द्या, पायऱ्या निसरड्या आहेत.

गगनबावडा_उतार
आणि तीच दोरी मालवणला न्या. हिवाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाणी निवळलेलं असतं, पाण्याखाली उतरवणारे आहेतच. पाण्यात गेल्यावर लाल तुकड्याचा तोरा उतरतो, निळा टिकून राहतो. रंकाळा नि मालवण असा जोडतक्ता झाला तर बाई खूश. खर्चात बसत नसेल तर होडीवाल्याला सांगून होडीतूनच दोरी सोडा.

लाल मासे खोलात का असतात हे तिथंच कळतं. लाल उजेडच नाही म्हटल्यावर लाल अंग काळं दिसतं, म्हणजे फुकटचा बुरखा. त्यावर वरताण करणारा एक मासा आहे, मॅलाकोस्टेअस. डोळ्याखाली स्वतःचा लाल दिवा आणि तो लाल बघायला डोळ्यात हरितद्रव्यापासून आलेला रेणू. बाकीच्यांना दिसत नाही त्या उजेडात हा शिकार शोधतो. चंदेरी स्पायनीफिन हा खोल समुद्रातला मासा तर त्याहून पुढे, 2019 मध्ये त्याच्याकडे दंडपेशींच्या ऑप्सिनची 38 जनुकं सापडली. आपल्याकडे एक!

अंबा घाटानं रत्नागिरीला जाणार असाल तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. व्हेलचा सांगाडाही आहे. व्हेल आणि सील वेगवेगळ्या काळी जमिनीवरून पाण्यात आले, दोघांनीही निळ्याची शंकुपेशी घालवली. निळ्या समुद्रात राहून निळ्याचीच! किनाऱ्याजवळच्या पिवळट पाण्यात सुरुवातीचा काळ गेला म्हणून, असं एक मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण परीक्षकांना विचारायला प्रश्न चांगला आहे.

तांबडा_पांढरा
माकूल सांगायचं राहिलंच. अंगावर एवढे रंग बदलतंय, पर डोळ्यात म्हणं रंगाचं एकच द्रव्य. म्हणजे स्वतःला रंग दिसत न्हाईत?

पेन्शनर_प्राणिशास्त्र
बरोबर. बहुतेक माकूल नि ऑक्टोपस यांच्याकडे एकच. रंग न दिसता रंग कसा जुळवतात यावर अजून वाद चालू आहे. उलट मॅन्टिस कोळंबीकडे रंगांचे 12 ग्राहक, पण 2014 च्या प्रयोगात जवळचे दोन रंग तिला आपल्याइतके वेगळे ओळखता आले नाहीत. ग्राहक जास्त म्हणजे नजर तिखट, असं समीकरण प्रकल्पात लिहू नका. बऱ्याच जणांचे गुण तिथे जातात.

शाहूपुरीची_काकू
किती लिहिलंत सगळ्यांनी! ठरलं ते असं. टाकीत साधे गप्पी आणि जिलेटीन कागद, बाजारातून बांगडा-बोंबील-कोळंबी, सोबत बोकडाची मुंडी (हे ऐकून वहिनी किंचाळल्या), रविवारी रंकाळ्यावर दोरी. मालवणचं डिसेंबरात बघू. एकच शंका राहिली. गप्पींना अतिनील दिसतं असं पुतणीनं वाचलं. मग दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो तो टाकीवर लावावा का?

पेन्शनर_प्राणिशास्त्र
लावू नका. नुसत्या जांभळ्या उजेडात मादीला बाकीचे रंग दिसणार नाहीत आणि ठिपक्यावरून परतलेलं अतिनील तुम्हाला दिसणार नाही, कारण आपलं भिंगच ते अडवतं. मोबाईलचा कॅमेराही गाळतो. पाणी शुद्ध करायचा अतिनील दिवा तर डोळ्यांना घातक, तो उघडा ठेवूच नये.

साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतंच, तेवढं टिपणात नमूद करा. जिलेटीनच्या प्रयोगाला तोच एलईडी वापरा. एरवी टाकी पूर्वेच्या खिडकीशी ठेवा, काचेचं झाकण काढून वर मच्छरदाणीची जाळी घाला, म्हणजे सकाळचा खरा उजेड वरून मिळेल. ऊन दुपारपर्यंत राहत असेल तर पडदा ओढा, नाहीतर आठवड्यात पाणी हिरवं होईल.