मदत हवी आहे: हौशी शेतीसाठी जुना डिझेल मिनी ट्रॅक्टर, दोनांतला कोणता घेऊ?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

साडेचार एकर जमीन आहे. पोट शेतीवर नाही, नोकरीवर आहे. शेताला मिळतात ते फक्त शनिवार-रविवार. आजवर भाड्याने ट्रॅक्टर बोलवत आलो, पण वाफसा (मशागतीला योग्य अशी जमिनीची ओल) काही माझ्या सुट्टीची वाट बघत नाही, आणि वाफसा आला की ट्रॅक्टर सगळ्यांनाच एकदम हवा असतो. शेवटी स्वतःचाच घ्यायचं ठरवलं. नवा झेपणार नाही. शिवाय आठवड्याला जेमतेम चार तास चालणाऱ्या यंत्रात तेवढा पैसा अडकवणं मनालाही पटत नाही.

कामं अशी: फळझाडांच्या ओळींमधलं गवत कापणं (हेच सगळ्यात जास्त), वर्षातून दोन-तीनदा रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार), खत-माती इकडची तिकडे करणं आणि छोटी ट्रॉली. साधारण अर्ध्या एकराला उतार आहे.

दोन ट्रॅक्टर नजरेत आहेत. दोन्ही वीस-बावीस एचपीचे.

"अ": जपानी, दोन सिलिंडर, फोर व्हील (चारही चाकांना ताकद), पुढे लोडर (माती-खत उचलायची बकेट). मीटरवर ९०० तास. रंग चकाचक. मुळात जपानमधल्याच बाजारासाठी बनलेला, वापरून झाल्यावर बाहेर विकला गेलेला. विक्रेता जुनी यंत्रं घेऊन विकतो.

"ब": तीन सिलिंडर, टू व्हील, लोडर नाही. मीटरवर २,४०० तास. रंग उडालाय, सीट फाटलीय. पहिल्यापासून एकाच मालकाकडे. आता त्यांना गुडघ्यांमुळे चढता-उतरता येत नाही म्हणून विकतायत.

मन "अ"कडे ओढतंय, हे कबूल करतो. २,४०० तास म्हणजे इंजिन काढायला आलेलं असेल का? जुना ट्रॅक्टर बघताना नेमकं काय बघायचं? मला स्टेपनी बदलण्यापलीकडे यंत्रातलं काही कळत नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

बघायला जायच्या आधी एक काम करा. दोन्हींचे मॉडेल, इंजिन आणि चासी नंबर मागवून घ्या. मग सुटे भाग विकणाऱ्याला विचारा: क्लच प्लेट, हेड गॅस्केट, वॉटर पंप, पुढच्या अ‍ॅक्सलची सील आणि हायड्रॉलिकचा फिल्टर. पाचांपैकी चार सहज मिळत असतील तर पुढे जा. "मागवून बघू" असं उत्तर आलं तर तो ट्रॅक्टर फुकटातही महाग पडेल.

जपानी देशांतर्गत मॉडेलची खोच इथेच आहे. यंत्र उत्तम असतं, पण त्याचा मॉडेल नंबर बाहेरच्या पार्ट-यादीत असतोच असं नाही. उलट जुन्या मिनी ट्रॅक्टरवरचं नाव अमेरिकन असलं तरी आतलं यंत्र बऱ्याचदा जपानी निघतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जॉन डिअरचे छोटे ट्रॅक्टर यानमार बनवत होती, फोर्डचे शिबाउरा. त्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्याला लागतो, अशी जोडी माहीत असलेला दुकानदार शोधा.

प्रतिसाद २

"अ" घ्या. एकदा लोडर वापरलात की फावडं हातात धरवणार नाही. बाकी सगळं दुरुस्त होतं.

प्रतिसाद ३

"बाकी सगळं दुरुस्त होतं" या वाक्यावर माझं पोट तीस वर्षं भरलं. गॅरेज आता मुलाकडे आहे, म्हणून फुकट सांगतो.

पहिली गोष्ट: तास. जुन्या केबलच्या मीटरमध्ये तास घड्याळावर नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात. ठरलेल्या वेगाने इंजिन तासभर फिरलं तर एक तास पडतो. निम्म्या वेगावर दिवसभर चालवलं तर निम्मेच पडतात. वर मीटर बदलता येतं, केबल तुटून वर्षानुवर्षं तशीच लोंबकळत राहते. म्हणून मीटर बघू नका, पाय जिथे पडतात ते बघा. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलची झीज, स्टिअरिंगची पकड, अवजार जोडायच्या मागच्या खालच्या आर्मची भोकं गोल आहेत की लांबट झालीत. ९०० तासांत पॅडलचं लोखंड गुळगुळीत होत नाही. तेल वेळेवर बदललेलं असेल तर या इंजिनांना २,४०० तास म्हणजे काही म्हातारपण नाही.

दुसरी, आणि हिच्याशिवाय सौदा करू नका: इंजिन थंड असताना तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे. फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर बोलायच्या आधी बॉनेटखाली हात घाला. इंजिन कोमट लागलं तर चहापाणी करून परत या. गरम डिझेल इंजिन कसंही सुरू होतं. कॉम्प्रेशन गेलेलं, हीटर प्लग (सुरू करताना इंजिन आतून तापवणारे) जळालेले, नोझल (डिझेल फवारणारी) गळणारी, सगळं त्या गरमीत झाकलं जातं. थंड इंजिन हीटर दिल्यावर दोन-चार फेऱ्यांत पकडलं तर उत्तम. कुणी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायला लागला तर बाजूला व्हा. हीटर प्लगच्या इंजिनात तो आतच भडकतो, पिस्टन फुटू शकतो. आणि रोज स्प्रेवर उठणाऱ्या इंजिनाचं वेगळं काही तपासायची गरजच नाही.

धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा येऊन गेला तर हरकत नाही. गरम झाल्यावरही येत राहिला तर इंधन नीट जळत नाहीये. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. लोड आल्यावर काळा येऊन लगेच साफ झाला तर चालेल. काळाच राहिला तर एअर फिल्टर किंवा नोझल.

मग दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर ऑइलचं झाकण सैल करून तसंच भोकावर ठेवा. जरा थरथरेल, तेवढं चालतं. उडून पडलं किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फकाफका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, डिझेल आहे. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय.

धागाकर्ता

काका, मनापासून धन्यवाद. छापून खिशात ठेवलंय. "चहापाणी करून परत या" म्हणजे इंजिन थंड व्हायची वाट बघून पुन्हा जायचं की सरळ घरी?

प्रतिसाद ३

माणूस ओळखीचा असेल तर पुन्हा. नसेल तर घरी.

प्रतिसाद ४

इंजिनावर वर भरपूर आलंय. गवत कापणं हे तुमचं मुख्य काम असेल तर पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) त्याहून महत्त्वाचा, मी तिथे चटका खाल्लाय.

जुन्या छोट्या ट्रॅक्टरांमध्ये पीटीओ बहुधा गिअरबॉक्सवरूनच चालतो. क्लच दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओची ताकदही तुटते. म्हणजे दाट गवतात क्लच दाबून वेग कमी केलात की पातंही मंदावतं. त्याहून वाईट म्हणजे, रोटरी कटरचं (गवत कापायच्या अवजाराचं) जड पातं स्वतःच्या वेगाने फिरतच राहतं आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. मी क्लच दाबला होता, ब्रेकवर पाय होता, तरी कुंपणात गेलो. मग पीटीओच्या शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच बसवला. छोटासा तुकडा आहे, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. दोन टप्प्यांचा क्लच असेल तर (अर्धा दाबला की चाकं थांबतात, पूर्ण दाबला की पीटीओ) निम्मी कटकट मिटते. "ब"ला तसा आहे का, विचारा.

"अ"च्या पीटीओला तीन किंवा चार वेग असतील. बाजारातली बहुतेक छोटी अवजारं ५४० फेऱ्यांची असतात. दांडा चुकून वरच्या वेगात पडला तर कटर जवळजवळ दुप्पट फिरेल. त्या दांड्याजवळ रंगाने खूण करून ठेवा.

एचपीचं ढोबळ गणित: गवत कापायच्या रोटरी कटरला दर फुटामागे चार-पाच एचपी, तेही पीटीओवरचे. जाहिरातीतले वीस इंजिनाचे असतात, मागे त्याहून कमी पोचतात. म्हणजे चार फुटी कटर म्हणजे कमाल. पाच फुटीचा मोह नको.

लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) तपासायला जड अवजार मागे लावून उचला, इंजिन बंद करा, अर्ध्या तासाने बघा. थोडं खाली आलं तर ठीक. डोळ्यांदेखत बसलं तर लिफ्टच्या पिस्टनची सील किंवा व्हॉल्व्ह. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्टचं तेल एकच असतं. गिअरच्या दांड्याचं रबर फाटून पावसात उभा राहिला असेल तर तेच तेल दुधाळ होतं. त्याची डिपस्टिक वेगळी असते, तीही काढून बघा.

प्रतिसाद ५

उताराचा उल्लेख एका ओळीत उरकलात, म्हणून लिहितोय. दोन्हींपैकी कुणाला मागे रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) आहे का? जुन्यांना बहुतेक नसतो. नसेल तर त्याच मॉडेलसाठी बनलेला मिळतो का बघा. वेल्डरकडून घरगुती पाइप जोडून घेऊ नका, उलटताना वजन पडलं की तो दुमडतो. बार असेल तर पट्टा लावायचा. बार नसेल तर मात्र पट्टा लावायचा नाही.

लोडर भरलेला असेल तर बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही आणि मागे वजन हवंच. छोट्या ट्रॅक्टरला लोडर जोडला की मागची चाकं हलकी होतात, आणि टू व्हीलमध्ये ब्रेक फक्त त्याच चाकांना. ओढायचं ते नेहमी मागच्या खालच्या ड्रॉबारवरून (ओढायच्या दांड्यावरून). टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या जोडाला) साखळी बांधून बुंधे उपटणारे मागे उलटतात. माझ्या शेजाऱ्याचा तसाच उलटला. तो उडी मारून वाचला, स्टिअरिंग मात्र मातीत घुसलं.

धागाकर्ता (दोन आठवड्यांनी)

दोन्ही बघून आलो.

"अ"च्या विक्रेत्याला फोनवर दोनदा सांगितलं होतं, सेल्फ मारू नका. पोचलो तर ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध उभा. बॉनेटखाली हात घातला तर गरम. "जागेवरून हलवावा लागला हो." असेल. चालवून बघितला, आवाज छान, लोडर झकास. पण कडक जमिनीवर दोन चकरा मारल्यावर फोर व्हीलचा दांडा निघेचना. विक्रेत्याने मागे-पुढे करून, एक लाथ घालून काढला आणि म्हणाला, जपानी असेच असतात. पाच पार्टपैकी दोन मिळतात. क्लचच्या पॅडलवर नवं रबर आहे.

"ब" सकाळी सातला बघितला. बॉनेटवर दव होतं. हीटर दिला, तिसऱ्या फेरीला चालू. पांढरा धूर मिनिटभर. झाकण थरथरलं, उडालं नाही. लिफ्ट अर्ध्या तासात चार बोटं खाली आली. क्लच दोन टप्प्यांचा आहे, पण वरच्या वर (पॅडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच) पकडतो. पाचही पार्ट मिळतात. मालकांनी वही काढून दाखवली, प्रत्येक ऑइल बदलाची तारीख. मग स्वतःच म्हणाले, डावा ब्रेक कमी लागतो, ब्रेकची दोन पॅडल जोडायची पट्टी काढून चालवू नका.

प्रतिसाद ३

दांडा जपानमुळे अडकत नाही. पुढचे टायर चुकीच्या मापाचे टाकलेले असावेत. फोर व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण गिअरशी बांधलेलं असतं. टायर जरा लहान-मोठा झाला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात. मऊ मातीत चाक घसरून सुटका होते, कडक जमिनीवर सगळा ताण गिअरमध्ये साठतो, मग दांडा निघत नाही. असा किती दिवस चाललाय कोण जाणे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या गुडघ्यांतून तेल गळत होतं का?

धागाकर्ता

होय. मला वाटलं ग्रीस आहे.

प्रतिसाद ३

मग "अ" विसरा. "ब"चा क्लच वरच्या वर पकडतो म्हणजे आधी पॅडलची फ्री-प्ले (सुरुवातीची सैल चाल) बघा, नुसती सेटिंग असू शकते. प्लेटच गेली असेल तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो. प्लेट स्वस्त, मजुरी महाग. ते भावात धरा, आणि सोडवलाच तर रिलीज बेअरिंग आणि मागचं क्रँक सील त्याच वेळी बदला. चार बोटांच्या लिफ्टचं टेन्शन घेऊ नका.

प्रतिसाद २

आणि लोडर?

धागाकर्ता

मागे लिफ्टवर बसणारी बकेट घेतोय. खत ढकलायला-उचलायला तेवढी पुरेल. उताराच्या अर्ध्या एकरात ट्रॅक्टर न नेता हातमशीनच वापरणार, निदान रोल बार मिळेपर्यंत. "ब"च्या मालकांना काल होकार कळवला. भावात क्लच धरला, त्यांनी कुरकुर केली नाही.

एक शेवटचं विचारतो. त्यांनी पिनांनी भरलेला डबाही दिलाय. माझ्या मित्राचा जुना कल्टिव्हेटर लावायला गेलो तर खालच्या पिना ट्रॅक्टरच्या आर्मच्या भोकात लुडबुडतात. भोकं झिजलीत का?

प्रतिसाद ४

पिनांचा व्यास मोजा. अवजार जोडणीच्या मापांना कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकची खालची पिन साधारण २२ मिलिमीटर, टॉप लिंकची १९. मित्राचं अवजार अगदी छोट्या ट्रॅक्टरचं, कॅटेगरी शून्यचं असेल तर त्याच्या पिना १६च्या आसपास भरतील. तसं असेल तर भोकं ठीक आहेत, मधे बुश (पोकळ नळी) घाला. २२च्या पिनाही लुडबुडत असतील तर मात्र आर्मच्या टोकाचे गोळे बदला.

धागाकर्ता

सोळा.