ओबामांचा इराण करार आणि ते ४७ सह्यांचं पत्र

एकांनी लिहिलंय की अमेरिकेत परराष्ट्र धोरण हा राष्ट्राध्यक्षांचाच प्रांत, काँग्रेस (तिथली संसद) नुसता आरडाओरडा करते. मला नाही पटत. २०१५ आठवा. इराणशी अणुकराराच्या वाटाघाटी चालू असताना प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन स्पीकर बेनर यांनी व्हाइट हाउसला न विचारता इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहूंना काँग्रेससमोर भाषणाला बोलावलं, आणि त्या भाषणानंतर आठवड्याच्या आत ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी थेट इराणच्या नेत्यांना खुलं पत्र लिहिलं, की सिनेटच्या मंजुरीशिवाय केलेला करार पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीनिशी रद्द करू शकतो! आपल्याच देशाचा माणूस वाटाघाटीच्या टेबलावर बसलेला असताना समोरच्याला असं सांगायचं हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष कॉर्कर रिपब्लिकनच, पण त्यांनी सही केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण ओबामांचीही चूक होतीच. करार ट्रीटी (औपचारिक तह) म्हणून सिनेटकडे नेला असता तर तिथे दोन तृतीयांश मतं लागली असती, ती नव्हती, म्हणून तो रस्ता टाळला. सप्टेंबरात सिनेटमध्ये कराराच्या विरोधाचा ठराव अंतिम मतदानापर्यंत न्यायला ६० मतं हवी होती, ५८ पडली, करार वाचला. पण कायद्याचं बळ त्याला कधी मिळालंच नाही, आणि मे २०१८ मध्ये ट्रम्पनी खरंच एका सहीत तो सोडला. अमेरिकेचे निर्बंध परत आले आणि वर्षभरात आपल्या भारतालाही इराणचं तेल घेणं बंद करावं लागलं.