सशीने अचानक पिल्लं दिली, आई जवळसुद्धा जात नाहीये, काय करू?

कापूसकोंडा:
कोणी जागं असेल तर प्लीज लगेच सांगा. माझ्याकडे दोन ससे आहेत, दोन्ही माद्या म्हणूनच मिळालेले, आता सहा महिन्यांचे असतील. आत्ता पहाटे पाणी बदलायला गेले तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा ढीग, मला वाटलं दोघी भांडल्या आणि एकीने दुसरीचे केस उपटले, म्हणून हात लावला तर ढीग हलला!! आत पाच पिल्लं, गुलाबी, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, माझ्या अंगठ्याएवढी. एक जाळीवर पडलं होतं ते गेलंय. आणि एक पाण्याच्या भांड्यामागे सापडलं, गारठोण झालंय पण मधेच तोंड उघडतंय. आई लांब बसून गवत खातेय, मी तासभर बघतेय, एकदाही पिल्लांकडे फिरकली नाही. आणि मी तर हात लावून बसले, माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते म्हणतात ना? गाईचं दूध ड्रॉपरने देऊ का? खूप भीती वाटतेय.

पायवाट:
दूध अजिबात देऊ नकोस. आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही, दूध श्वासनलिकेत जातं, आणि पोटात गेलं तरी पचत नाही. त्याला ओंजळीत घेऊन कपड्याच्या आत अंगाशी धर, किंवा बाटलीत गरम पाणी भरून वर टॉवेल गुंडाळ आणि त्याला टेकवून ठेव, पण बाटली आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ, चटका नको. अर्धा तास तरी लागेल, घाई करू नकोस.

आणि दुसरं, हेही आत्ताच, पुढचं वाचायच्या आधी. तो दुसरा ससा उचलून वेगळ्या ठिकाणी ठेव, तो नर आहे. सशीला गाईम्हशीसारखा ठरलेल्या दिवसांनी माज येत नाही, नर आला की त्यानंतर दहाएक तासांत बीज सुटतं, त्यामुळे व्यायल्यावर त्याच दिवशी ती परत गाभण राहू शकते. म्हणजे ही पिल्लं अंगावर पीत असतानाच पोटात पुढचं वेत.

कापूसकोंडा:
केला वेगळा. पिल्लू माझ्या कुशीत आहे, मगाशी लाकडासारखं होतं, आता पाय ताणतंय! पण आई अजून लांबच आहे हो, उपाशी मरतील ना?

दुपारचं_ऊन:
ताई, घाबरू नका, ती आईपण सोडून बसलेली नाही, सशाची जातच तशी आहे. मांजर किंवा कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहते, सशी तसं करत नाही. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे घरट्यात शिरते, तीन-चार मिनिटं उभ्याउभ्या पाजते आणि निघून जाते. सतत तिथे बसली तर तिच्या वासावर शिकारी प्राणी घरट्यापर्यंत येईल, म्हणून लांब राहणं हीच तिची राखण. दूध एवढं घट्ट असतं की पिल्लाला तेवढ्यावर दिवस निघतो. माझ्याकडे तीन वेतं झाली, मी पाजताना बघितलंय फक्त दोनदा.

तिच्याकडे बघून काही कळणार नाही, पिल्लांची पोटं बघा. प्यायलेल्या पिल्लाचं पोट फुग्यासारखं गोल टम्म असतं, कातडी ताणलेली, पातळ कातडीतून आतला पांढरा दुधाचा पट्टाही दिसतो. उपाशी पिल्लाची कातडी सैल, सुरकुतलेली, पोट आत गेलेलं, आणि हात नेला की ते डोकं वर करून उसळी मारतं. रोज एकाच वेळी, समजा सकाळी, एकेक उचलून बघा. किचनचा वजनकाटा असेल तर वजन लिहून ठेवा, रोज थोडं वाढलं पाहिजे.

आणि हो, हात लावल्याने पाळलेली सशी पिल्लं टाकत नाही. तुमचा वास तिच्या ओळखीचा आहे. फक्त साबणाचा, अत्तराचा वास नको, हात धुऊन तिच्याच गवतावर चोळा आणि मग आत घाला. मेलेलं पिल्लू किंवा वार राहिली असेल तर काढून टाका.

घरट्यासाठी खोका घ्या, आई आत वळू शकेल एवढा, कड इतकी उंच की पिल्लू बाहेर येणार नाही पण आई उडी मारून जाईल. खाली वाळलेलं गवत भरपूर, मुठीने दाबून मधे वाटीसारखा खड्डा करा, त्यात पिल्लं आणि वर तिनेच उपटलेले केस, सगळे, एकही फेकू नका. सशी पडलेलं पिल्लू तोंडात धरून परत आणत नाही, म्हणून तुमचं ते भांड्यामागचं तसंच राहिलं. कधीकधी पिताना सड सुटत नाही आणि पिल्लू आईबरोबर बाहेर ओढलं जातं, तेव्हा रात्री झोपण्याआधी एकदा जाळीवर नजर टाकाच.

रानवारा:
गाईच्या दुधाबद्दल माझं ऐका. माझ्या पहिल्या वेताला मी तेच केलं, आई लांब बसलेली बघून जीव राहवेना, दर दोन तासांनी पाठीवर झोपवून ड्रॉपरने पाजलं, चारही गेली, दोन नाकातून दूध येऊन आणि दोन जुलाबाने. आईचं दूध उतरलेलं होतं हे नंतर कळलं, मी जरा थांबले असते तर वाचली असती, अजून आठवतं. दोन दिवस सलग पोट रिकामं दिसलं, वजन घटलं, तरच बाहेरून, ते पण मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर मिळते ती, पिल्लू उभट धरून, ओठावर थेंब थेंब, ते चाटेल तसं. आणि पहिल्या दिवसांत दर वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने खालून हळू पुसायचं, त्याशिवाय लघवी होत नाही. जमलं तर त्याआधीच सशांची माहिती असलेल्या डॉक्टरला विचारा.

पायवाट:
+१. आईकडे पण लक्ष दे गं. वाळलेलं गवत आणि पाणी सतत समोर हवं, दूध देणारी सशी खूप पाणी पिते. सड हाताने चाचपून बघ, कडक, गरम किंवा लालनिळे वाटले, ती मलूल झाली, खाणं सोडलं, तर कासदाह, म्हणजे सडांची सूज, असू शकतो, थांबायचं नाही, लगेच डॉक्टर.

कापूसकोंडा:
अपडेट देते, आज अकरावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी थरथरत खोका उघडला तर सहाच्या सहा पोटं टम्म!! भांड्यामागचंसुद्धा. आता अंगावर मखमल आलीय, चार पांढरी, दोन करडी, आणि आज करड्याचा एक डोळा उघडला, दुसरा चिकटलाय. काही करू का? आणि नराला परत कधी सोडायचं, तो बिचारा एकटा बसतो.

दुपारचं_ऊन:
किती बरं वाटलं वाचून! डोळे दहा ते बारा दिवसांत उघडतात. चिकटलेल्या डोळ्यावर उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, मऊ झाला की आतून बाहेर पुसा, जबरदस्तीने ताणू नका. पू दिसला तर डॉक्टर. तिसऱ्या आठवड्यात ती खोक्याबाहेर येऊन गवत कुरतडायला लागतील, पण आईपासून सहा ते आठ आठवडे तोडू नका.

नराला मात्र सोडायचं नाही. जाळीच्या पलीकडून एकमेकांना दिसू दे, जाळी अशी की त्यातून काही होणार नाही. डॉक्टरकडून नसबंदी करून घ्या, त्यानंतरही चारेक आठवडे वेगळाच, तेवढे दिवस पिल्लं होऊ शकतात. आणि पहिल्या दिवशी वेगळा काढायच्या आधी काय झालं असेल सांगता येत नाही, म्हणून पिल्लं जन्मली त्या दिवसापासून एकतीस दिवस कॅलेंडरवर मोजून ठेवा, अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरा स्वच्छ खोका गवत भरून तयार असू दे.

कापूसकोंडा:
मोजले, खूण केली. पुसल्यावर दुसरा डोळा पण उघडला, माझ्याकडेच बघतोय.