प्रतिसाद : अबेरफानचा ढिगारा पावसामुळे घसरला का?

१९६६ मध्ये वेल्समधल्या अबेरफान या गावात कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरून शाळेवर आला. त्याबद्दल वरच्या लेखात ‘अतिवृष्टीमुळे ढिगारा घसरला’ असं म्हटलंय. ते अर्धंच खरं. गावाच्या वरच्या बाजूला मर्थिर व्हेल खाणीच्या टाकाऊ मालाचे सात ढिगारे होते. त्यातला सातवा १९५८ पासून थेट झऱ्यावर रचला. शिवाय कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही त्यात टाकत. असा माल पाणी धरतो, खालून झऱ्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा ढीग पातळ होऊन वाहतो. पावसाने शेवटचा धक्का दिला, एवढंच. १९४४ मध्ये चौथा ढिगारा घसरला होता, १९६३ मध्ये सातवाही सरकला होता, आणि त्याच वर्षी नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागच्या धोक्याबद्दल कोळसा मंडळाला (खाण चालवणाऱ्या सरकारी संस्थेला) लेखी कळवलं होतं!

२१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास सातवा ढिगारा शाळेवर आणि घरांवर येऊन १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. चौकशी आयोगाने मंडळालाच दोषी धरलं.

गावाबद्दल बोलायचं तर मदतनिधीचं प्रकरण सोडून चालणार नाही. उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी दिलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. १९९७ मध्ये ते परत मिळाले, तेही बिनव्याजी. निधीतून समाजकेंद्रही उभं राहिलं. त्या काळात सुरू झालेलं इनिसओवेन पुरुष गायकवृंद खाण १९८९ मध्ये बंद पडल्यावरही टिकून राहिलं. ढिगाऱ्यांवर कायदेशीर देखरेख मात्र १९६९ च्या कायद्याने आली.