जैसलमेर: किल्ल्यातील जैन मंदिरे, मुक्काम आणि तीन दिवसांचे नियोजन

सह्याद्रीकर:
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन जैसलमेरला जाण्याचा बेत आहे. जोधपूरपर्यंत रेल्वेने जाऊ आणि तिथून पुढे जसे जमेल तसे. जैसलमेरमध्ये पूर्ण तीन दिवस हाती राहतील. वडिलांना जैन मंदिरांतील शिल्पकामाची मनापासून ओढ आहे आणि अबूजवळची दिलवाडा मंदिरे त्यांनी दोनदा पाहिली आहेत. आईला मात्र गुडघेदुखीमुळे फार चढ-उतार सोसत नाही.

दोन गोष्टी माझ्याच्याने ठरत नाहीत. पहिली म्हणजे किल्ल्याच्या आत मुक्काम करावा की बाहेर. आतली हॉटेले छायाचित्रांत मोहक दिसतात आणि तिथून मंदिरे चार पावलांवर पडतील असे वाटते, पण काही परिचित 'आत राहू नका' एवढेच सांगतात आणि कारण विचारले की गप्प बसतात. दुसरी म्हणजे मंदिरांना किती वेळ द्यावा, कारण सहलींच्या छापील कार्यक्रमांत किल्ला, मंदिरे आणि हवेल्या या सगळ्यांना मिळून अर्धा दिवस दिलेला दिसतो. वाळूतल्या तंबूंमधील रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम आम्हाला नको आहे.

मरुवाट:
आत राहू नये असे म्हणतात त्याचे कारण पाणी. रावळ जैसल याने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला, तेव्हापासून शतकानुशतके येथील माणसे गडीसर तलावाचे पाणी घागरींनी वाहून आणत आली, त्यामुळे वापर बेताचा होता आणि सांडपाणी तर नावापुरतेच. नळ आले, पाठोपाठ पर्यटक आले, जुन्या घरांच्या खोल्यांना न्हाणीघरे जोडली गेली, आणि थेंबाथेंबाच्या हिशेबाने केलेल्या गटारांतून पाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले. वरचा पिवळा वालुकाश्म कठीण असला तरी त्याखालचे मातकट थर पाणी प्यायले की फुगतात आणि सरकतात. त्यातून काही बुरूज ढासळले, घरांना तडे गेले, आणि 1996 मध्ये वारसा वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने या किल्ल्याचा समावेश धोक्यातील वास्तूंच्या यादीत केला. पुढे दुरुस्तीची आणि मलनिस्सारणाची कामे झाली, 2013 मध्ये राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह त्याला जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला. तरी टेकडी तीच आणि माती तीच. आम्ही दोन्ही वेळा खाली गावात उतरलो. एक फायदा असा की सूर्य मावळताना सगळा तट सोन्यासारखा उजळतो, आणि ते दृश्य खालूनच दिसते. आत राहणाऱ्याला किल्ला दिसत नाही.

शिल्पवेडा:
मंदिरांपुरते लिहितो. अर्धा दिवस हा हिशेब मनातून काढून टाका आणि दोन सकाळी राखून ठेवा. सकाळीच जायला हवे, कारण पूजेसाठी नव्हे तर केवळ पाहायला येणाऱ्यांना मंदिरे साधारण दुपारपर्यंतच पाहता येतात. नेमकी वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स काहीही आत नेता येत नाही, तेव्हा त्या वस्तू मुक्कामीच ठेवलेल्या बऱ्या.

हा सात मंदिरांचा समूह आहे आणि एका मंदिरातून दुसऱ्यात जाता येत असल्याने पहिल्या फेरीत माणूस गोंधळतो. दिलवाड्याचा पांढरा संगमरवर डोळ्यांत मुरलेल्या माणसाला इथला पिवळा दगड सुरुवातीला मंद वाटतो, पण तासाभराने, ऊन आत उतरू लागले की, तोच दगड मधासारखा दिसू लागतो. वडिलांना पार्श्वनाथ मंदिराच्या प्रवेशावरील तोरणापासून सुरुवात करू द्या. या मंदिरातील पार्श्वनाथांची मूर्ती जुनी राजधानी लोद्रवा येथून आणली असे सांगितले जाते. रंगमंडपात मान वर करून छताकडे आणि खांबांना टेकवलेल्या नर्तकी-वादकांकडे पाहावे, मग भमतीतून, म्हणजे मंदिराभोवतीच्या प्रदक्षिणेच्या ओवरीतून, सावकाश फिरावे. रांगेतील मूर्ती पहिल्या नजरेला एकसारख्या वाटतात. ओळख पटते ती आसनाखालच्या लांछनावरून, म्हणजे प्रत्येक तीर्थंकराच्या ठरलेल्या चिन्हावरून. ऋषभदेवांचा बैल, संभवनाथांचा घोडा, चंद्रप्रभूंची चंद्रकोर, शांतिनाथांचे हरीण, कुंथुनाथांचा बोकड आणि पार्श्वनाथांचा सर्प एवढे पाठ असले तरी त्या रांगेत फिरण्याची गोडी निराळीच लागते. (मी हे पहिल्या खेपेस केले नाही आणि हात हलवत परतलो.)

जुनी_वही:
वरील माहितीत ग्रंथभांडाराची भर घालतो. संभवनाथ मंदिराच्या तळघरात आचार्य जिनभद्रसूरींच्या नावाचे ज्ञानभांडार आहे, त्याची मांडणी 15 व्या शतकातली. ओसवाल व्यापाऱ्यांचा पैसा, किल्ल्याचे संरक्षण आणि वाळवंटाची कोरडी हवा या तिन्ही गोष्टी जुळून आल्यामुळे ताडपत्रे येथे टिकली. 1874 मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील संस्कृतचे अभ्यासक जॉर्ज ब्यूलर हे हर्मान याकोबी या जर्मन अभ्यासकासह येथे आले आणि त्यांना बिल्हण कवीच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची पोथी सापडली. कल्याणीच्या चालुक्यांतील सहाव्या विक्रमादित्यावरील हे काव्य, म्हणजे दख्खनच्या राजाचे चरित्र, थरच्या वाळवंटातून पुन्हा हाती आले. आपल्यासारख्यांना त्या तळघरासमोर दोन मिनिटे थांबायला एवढे कारण पुरे आहे. अर्थात पोथ्या हाताळायला मिळत नाहीत. प्रदर्शनात ठेवले असेल तेवढेच पाहता येते.

मुक्कामाबद्दल मात्र मरुवाट यांच्याशी माझे पूर्ण एकमत नाही. किल्ल्यात आजही हजारो माणसे राहतात आणि त्यांतील कितीतरी घरे पाहुण्यांच्या दोन-तीन खोल्यांवर चालतात. पाहुणे एकदम बंद झाले तर तीच कुटुंबे खाली उतरतील आणि ओस वाड्यांकडे पाहायला कोणी उरणार नाही. ज्याला आत राहायचेच असेल त्याने घरगुती ठिकाण निवडावे आणि बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी. तुमच्या आईंचा विचार करता खालीच राहा, पण ते गुडघ्यांसाठी. अखै पोळ या पायथ्याच्या दरवाजापासून वर जाणारी फरसबंदी वाट चढाची आहे आणि दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत.

मरुवाट:
वापर बेताचा असावा हा मुद्दा मान्य आहे, फक्त हॉटेल चालवणारा आणि तिथे उतरणारा दोघेही तो पाळतात असा माझा अनुभव नाही. चढाबद्दल एक उपाय सांगतो: रिक्षा किल्ल्याचे चार दरवाजे ओलांडून दशहरा चौकापर्यंत जातात, त्या दिवशी सोडत आहेत ना एवढे पायथ्याशी विचारून घ्यावे. चौकातून मंदिरांपर्यंतची गल्ली छोटी आहे, मात्र मंदिरांत उंबरे आणि पायऱ्या आहेतच.

सह्याद्रीकर:
सर्वांचे आभार. खाली राहायचे आणि दोन सकाळी मंदिरांसाठी ठेवायच्या हे ठरले. वडील आताच लांछनांची यादी वहीत उतरवून घेत आहेत. मग उरलेल्या वेळात काय पाहावे? आईलाही काहीतरी निवांतपणे पाहता यावे अशी इच्छा आहे.

शिल्पवेडा:
एक दुपार हवेल्यांना द्या. पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्यांचे जिने अरुंद आणि उभे आहेत, म्हणून आईंनी खालच्या गल्लीतूनच सज्जे आणि जाळ्या पाहाव्यात. खरे काम दर्शनी भागावरच आहे. नथमलच्या हवेलीची डावी आणि उजवी बाजू दोन भावांनी स्वतंत्रपणे घडवली असे सांगतात. दोन्हींमधले फरक शोधत बसायला आईंना नक्की आवडेल, आणि त्यासाठी एक पायरीही चढावी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मोटार करून लोद्रव्याला जा. ते वायव्येला सुमारे 15 किलोमीटरवर आहे, वाटेत अमरसागरचे मंदिर लागते आणि कुठेही डोंगर चढायचा नाही. जैसलमेरच्या भाटी राजांच्या या जुन्या राजधानीत आज पाहण्यासारखे उरले आहे ते मुख्यतः 17 व्या शतकात पुन्हा उभारलेले पार्श्वनाथ मंदिर. त्याच्या दगडी जाळ्यांसाठी वडील तासभर तरी हलणार नाहीत, तेव्हा आईंसाठी एक घडीची खुर्ची गाडीत असू द्या. परतताना संध्याकाळी गडीसरच्या काठावर बसा, आणि स्वेटर जवळ ठेवा. डिसेंबरमध्ये सूर्य गेला की अर्ध्या तासात थंडी पडते.