रुईचा चीक डोळ्यात गेला, पण दुखत नाही. डॉक्टरकडे जायलाच हवं का?

बांधावरची
दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी ओढ्याकडच्या रुईची पानं खुडते. आज माळ ओवताना चिकाच्या हातानंच डोळा चोळला गेला. थोडं चुरचुरलं आणि थांबलं. आता दुपारी त्या डोळ्यानं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतंय. दुखत अजिबात नाही. सासूबाई म्हणतात, गाईचं दूध घाल, उतरेल.

शेवंता
दूध नको, काहीच घालू नका. स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि निघा.

माणदेशी मास्तर
ताई, दुखत नाही हीच फसगत आहे. चिकानं बुबुळाची संवेदना बधिर होते, आतून मात्र सूज चढत असते. मी चार वर्षांपूर्वी काटा काढायला पायाला चीक लावत होतो, थेंब उडाला. दुखेना म्हणून रात्र काढली. सकाळी वर्तमानपत्राची अक्षरं विरघळलेली! डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूज दाखवली, थेंब दिले, दहा दिवसांनी नजर निवळली. घरात पडलेले जुने थेंब घालू नका. पंधरा-वीस मिनिटं डोळा धुऊन आजच दाखवा. चीक रुईचा होता हे आधी सांगा.

बांधावरची
जाऊन आले. बुबुळाला सूजच आहे. औषध सुरू केलंय, परवा पुन्हा बोलावलंय. मालक म्हणतात, झुडूप मुळासकट काढतो. काढू द्यावं का?

माणदेशी मास्तर
वेळेत गेलात, जीव भांड्यात पडला. झुडूप मात्र राहू द्या. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत म्हणून उघड्या माळावर तेवढंच हिरवं टिकतं. पानाखाली बघा, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असेल. ती हाच विषारी पाला खाऊन केशरी फुलपाखरू होते, आणि त्या विषामुळे पक्षी तिला टाळतात. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. बोंड उकललं की म्हाताऱ्या उडतात, त्यांच्यामागे आमची शाळा धावायची.

पानं खुडताना हातमोजे घाला, देठ खाली धरून चीक निथळू द्या, मग साबणानं हात धुवा. गुडघ्यावर पान गरम करून बांधायची पद्धत आमच्याकडेही आहे, पण चिकानं कातडीवर फोड येतात. आणि पोटात कुठलाच भाग नको, कुणी कितीही सांगो. त्यातलं विष हृदयावर जातं.

शेवंता
आमच्याकडे माळ ओवायचं काम पोरांकडे असतं. आजपासून बंद.