आयोवातली कोरोना शेती-मदत: एकाला ६६ हजार डॉलर, दुसरीला २ हजार, हे कसं काय?

मका_पाहुणा:
आयोवाच्या पश्चिमेला एका छोट्या काउंटीत राहतो, चहूकडे मका नि सोयाबीन. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, मांसासाठी वाढवतात त्या जातीच्या ४० गाई सांभाळतात, आणि परवा जुन्या फायली आवरताना त्यांनी २०२० च्या सरकारी मदतीचा कागद माझ्यापुढे टाकला. दुसऱ्या फेरीत २,०९० डॉलर. पलीकडच्या फीडलॉटवाल्याला (तो विक्रीसाठी गुरं कुंपणात ठेवून पोसतो) त्याच फेरीत ६६ हजार मिळाले, तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो. बाईंच्या मते वशिला. त्यात कागदावर ३८ गुरं लिहिलीत, गाई तर ४० होत्या, मग २ गेल्या कुठे? कोणी समजावेल का

हिशोबी_मामा:
वशिला नाही हो, गुणाकार आहे. दुसऱ्या सीफॅपमध्ये, म्हणजे या कोरोना शेती-मदत योजनेच्या दुसऱ्या फेरीत, गुरामागे ५५ डॉलर होते, १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट २०२० मधला कुठलाही एक दिवस शेतकऱ्याने निवडायचा आणि त्या दिवशी किती गुरं होती ते लिहून द्यायचं. पण पैदाशीची जनावरं धरायची नाहीत! म्हणजे बाईंची एकही गाय त्यात नाही, ती ३८ म्हणजे वासरं, ३८ गुणिले ५५ करून बघा. फीडलॉटवाल्याची सगळी गुरं विक्रीचीच, १२०० असतील तर झाले ६६ हजार. माणशी कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर होती, त्यामुळे तो काही टोकाला पोचलेला नाही.

बांधावरून:
मामांचं गणित बरोबर आहे पण वशिला नाही म्हणजे न्याय झाला असं नाही ना. मदत तोट्यावर नव्हती, मालावर होती. पहिल्या फेरीत मक्याचं काय झालं बघा, १५ जानेवारी २०२० ला भाव न ठरलेला जेवढा मका हातात होता तेवढाच धरला, तोही २०१९ च्या पिकाच्या निम्म्यापर्यंत, बुशेलला (मक्याचे साधारण २५ किलो) साधारण साडेतेहतीस सेंट. ज्याला बँकेचा हप्ता भरायला कापणीच्या वेळीच सगळा मका विकावा लागला त्याला त्या मक्याचं शून्य, आणि ज्याच्याकडे मोठे बिन, म्हणजे धान्याच्या टाक्या होत्या, थांबायची ऐपत होती, त्याला पैसे. आता कोणी म्हणेल आधी विकणाऱ्याचं भाव पडल्याने नुकसानच झालं नाही, तेही खरंय म्हणा, पण गरज जास्त कोणाला होती?

भाजीवाली_ताई:
आम्ही शेजारच्या राज्यात भाजी पिकवतो, आमचं तर एकरावर नाही नि गुरांच्या डोक्यावर नाही, २०१९ च्या विक्रीवर होतं. पहिल्या ४९,९९९ डॉलरपर्यंत १०.६ टक्के. म्हणजे ३० हजारांची विक्री असेल तर ३,१८०. आणि ही टक्केवारी मोठ्या विक्रीला उलट कमी होत जायची, १० लाखांच्या वर ८.८, एवढं तरी बरं केलं. अर्ज एफएसएच्या (सरकारी कृषी खात्याची शेतकऱ्यांसाठीची संस्था) काउंटी ऑफिसात द्यायचा होता, आकडे आपणच लिहून सही करायची, पुरावे नंतर मागितले तर दाखवायचे. म्हणून बाईंना सांगा ते कागद इतक्यात टाकू नका.

हिशोबी_मामा:
@बांधावरून मान्य. आणि @मका_पाहुणा, पहिल्या फेरीचा कागद पण शोधा, अर्ज २६ मे २०२० पासून घेत होते. तिथे १६ एप्रिल ते १४ मे मधल्या गुरांवर डोक्यामागे ३३ डॉलर होते आणि त्यात या गाईसुद्धा बसतात.

मका_पाहुणा:
बाईंना सांगितलं. आधी हसल्या, मग म्हणाल्या २ वासरं त्या वर्षी मार्चच्या बर्फात गेली, तो आकडा मीच हाताने लिहिला होता की. विसरल्याच होत्या. आता टेबलावर तीन खोकी उपडी केलीत, पहिल्या फेरीचा कागद शोधतोय, ४० गाई अधिक ३८ वासरं गुणिले ३३ म्हणजे २,५७४ यायला हवेत. सापडला की टाकतो इथे.